शंभर वर्षांची फटफटी आणि तिचे सुटे भाग



सुरतेच्या इतिहासाचा विषय आपल्या मराठी मंडळींत निघाला, की तो बहुधा १६६४ च्या स्वारीपासून सुरू होतो आणि इंग्रजांच्या वखारीपाशी येऊन थांबतो. आज मी आपले लक्ष एका लहानशा, लोखंडी आणि तेलकट विषयाकडे वेधणार आहे. शंभर वर्षांपूर्वीची मोटारसायकल पुन्हा चालती करणे व त्यासाठी सुटे भाग मिळवणे, हा तो विषय होय. लोक त्याला हौशी माणसाचा छंद समजतात. परंतु जुन्या कागदापुढे बसलेल्या इतिहासाच्या अभ्यासकाला जे प्रश्न पडतात, तेच येथे हाती पाना घेतलेल्या माणसाला पडतात. यातले अस्सल काय, मागाहून घातलेले काय, आणि बदल करण्याचा आपला अधिकार कोठवर?

उदाहरणादाखल इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथील ट्रायम्फ कंपनीची, १९१५ साली बाजारात आलेली 'मॉडेल एच' ही गाडी घेऊ. एकच सिलिंडर, ५५० सीसीचे इंजिन, तीन गतींची स्टर्मी-आर्चर गिअरपेटी आणि मागचे चाक फिरवणारा पट्टा, अशी तिची रचना. इंजिनाला तेल पुरवण्यासाठी स्वाराने अधूनमधून हातपंप दाबायचा. ते तेल आपले काम करून जळून वा गळून जायचे. पहिल्या महायुद्धात अशा सुमारे ३०,००० गाड्या दोस्त सैन्यासाठी तयार झाल्या. लष्करी निरोप पोहोचवणाऱ्या स्वारांनी तिला विश्वासू म्हणून नावाजले.

अशा गाडीचा मॅग्नेटो उघडून पाहावा. इंजिनातील ठिणगीसाठी लागणारी वीज निर्माण करणारे हे यंत्र. युद्धापूर्वी ब्रिटनमधील मोटारी व मोटारसायकली यांसाठी मॅग्नेटो प्रामुख्याने जर्मनीतून, स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यातून येत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि ज्याच्यावर सैन्याची वाहने चालायची, तो भागच शत्रूच्या घरी राहिला. ब्रिटिश कारखान्यांना तो घाईने स्वतः बनवावा लागला. म्हणून त्या काळातील गाडीवर कोणत्या कारखान्याचा मॅग्नेटो बसवलेला आहे, ही क्षुल्लक बाब नव्हे. त्या एका पितळी पट्टीवर महायुद्धातील व्यापारबंदी वाचता येते.

याच मॅग्नेटोच्या पोटात आपल्या देशाचाही अंश सापडतो. त्यातील केसासारख्या तारेच्या वेटोळ्यांवर विद्युतरोधक म्हणून लाखेचा लेप देत, आणि जगाला लाख पुरवण्यात छोटा नागपूर व त्याच्या आसपासचा प्रदेश अग्रेसर होता. काळाच्या ओघात उष्णतेने व दमटपणाने ही लाख मऊ पडते, चिकट होते आणि फिरणारा भाग जखडून टाकते. तेव्हा वेटोळे नव्याने गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. आज त्या जागी इपॉक्सी वापरतात. ते अधिक टिकाऊ असते, यात शंका नाही. बाहेरून मात्र हा बदल दिसत नाही, आणि म्हणूनच तो लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण आट्यांची. व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. भारतात १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने रूढ झाली आणि पुढे बाजारातून इंची नट-बोल्ट दुर्मिळ होत गेले. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तेथे घाईने ६ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर तो सैल बसतो. मोठा रेटून घातला तर शंभर वर्षे टिकलेले आटे एका क्षणात नष्ट होतात.

तिसरी गोष्ट चकाकीची. १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत मोटारसायकलींवर निकेलचा मुलामा असे. क्रोमियमचा मुलामा त्यानंतर रुळला. निकेलची झाक किंचित पिवळसर व उबदार, क्रोमियमची निळसर. १९१५ च्या गाडीवर लखलखीत क्रोमियम चढवणे म्हणजे शिवकालीन पत्र बॉलपेनने गिरवण्यासारखे आहे.

भाग मिळतात कोठे? मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि अहमदाबादची गुजरी येथे हौशी मंडळींची पावले आपोआप वळतात. इंग्लंडात १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबने जुन्या गाड्यांची माहिती सांभाळली आहे, आणि ब्यूलीचा सुट्या भागांचा बाजार १९६७ पासून भरतो. 'बुलेट'ची गोष्ट वेगळी. मद्रासेत १९५५ पासून तिची जुळणी आणि पुढे पूर्ण उत्पादन सुरू झाले, त्यामुळे मूळ इंग्रजी कारखाना बंद पडला तरी तिचे भाग मिळत राहिले. 'मॉडेल एच'ला असा वारस लाभला नाही. जे सापडत नाही, ते घडवावे लागते.

घडवण्याच्या बाबतीत सुरतेला कोण शिकवणार? यंत्रमागाचा मोडलेला भाग लेथवर उतरवणारे, जळालेली मोटार पुन्हा गुंडाळणारे, जरीच्या तारेवर मुलामा चढवणारे हात येथे आहेत. खानदेशातून उधना-लिंबायतला आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी याच यंत्रांवर संसार उभे केले. परंतु भाग बनवता येतो, एवढ्यावरून तो बदलावा असे ठरत नाही. कसबी हातांनी केलेला नवा भाग जुन्यासारखाच दिसतो, आणि पुढच्या पिढीची फसगत तेथेच होते.

या संदर्भात सुरतेशी नाते असलेले एक मोठे उदाहरण आहे. येथील जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस गेले. त्यांचे नातू जमशेटजी बोमनजी यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ या काळात तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि तिचे निम्म्याहून अधिक मूळ लाकूड राखण्यात यश आले. कुजलेले तेवढे काढले, टिकलेले राहू दिले. दोनशे वर्षांच्या जहाजाला जो न्याय लावला, तो शंभर वर्षांच्या फटफटीलाही लावता येतो.

आता कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हेतू स्तुत्य आहे. परंतु मोठा फेरबदल कशाला म्हणायचे, हे प्रत्यक्ष गाडीपुढे उभे राहिल्यावरच ठरते, आणि तेथे मालकाजवळच्या नोंदींवाचून दुसरा साक्षीदार नसतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. गाडी सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे चित्र वा छायाचित्र घ्यावे. नव्याने केलेल्या भागावर, सहज न दिसेल अशा जागी, सालाचा शिक्का मारावा. काढलेला जुना भाग भंगारात न देता चिठ्ठी बांधून ठेवावा. त्याला किलोच्या भावाने फारसे काही मिळत नाही, पण तो पुढच्या कारागिराला नमुना म्हणून आणि अभ्यासकाला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांची फटफटी, शिवणयंत्र किंवा भिंतीवरचे घड्याळ बंद पडून असेल, तर पाना उचलण्याआधी एक वही उघडावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.