घोळ : तण आणि भाजी

पहिला चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की जालना जिल्ह्यात कपाशीच्या ओळींत, परसातल्या वाफ्यांत, शाळेच्या कुंपणाशी घोळ उगवते. तांबूस, मांसल देठ जमिनीसरसे पसरतात. पाने चमच्याच्या आकाराची, जाडसर. शेतीच्या पुस्तकांत तिची नोंद तणांत असते. खुरपणाऱ्या बायका मात्र तिचे कोवळे शेंडे ओटीत टाकतात. एकाच वनस्पतीच्या या दोन नोंदी झाल्या कशा?

जुनी नोंद भाजीचीच आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात लहान पानांची ती लोणी आणि मोठी ती घोटिका असा भेद केलेला आढळतो. आपल्याकडची चिवळ आणि घोळ ही जोडी तीच असावी. लोणी या नावात लवण आहे, आणि पान चावून पाहिले तर ते पटतेही. (घोटिकेवरूनच घोळ शब्द आला असे म्हणण्याचा मोह होतो, तो निर्णय भाषातज्ज्ञांवर सोपवू.) १७५३ साली लिनियसने पोर्टुलाका ओलेरेसिया हे नाव दिले, त्यातल्या ओलेरेसियाचा अर्थही भाजीचा असाच होतो. युरोपीय लोकांनी ही वनस्पती अमेरिकेत नेली, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७५ साली कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात तिचे कोलंबसपूर्व काळातले बी व पराग सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि ती समजूत मागे पडली.

आपल्याकडे रानपाल्याची पद्धतशीर दखल घेतली गेली ती दुष्काळांच्या निमित्ताने. १८७७-७८ च्या दुष्काळानंतर, १८८६ साली, डॉ. लिझ्बोआ यांनी मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी हिरव्या पाल्याचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. खेड्यात हा पाला केवळ खुडण्याच्या श्रमात मिळतो, तरी तो खाल्ला जात नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्या काळातली मिलो आणि सुकडी आजही सांगितली जाते. रानभाजीचा उल्लेख कमी होतो. आमच्या मते दुष्काळांनी या भाजीचे एक नुकसान केले. ती अडचणीच्या दिवसांतले खाणे ठरली आणि चार पैसे आल्यावर ताटातून गेली.

पाण्याची ओढ बसली असता घोळ का तगते, हे कोडे प्रयोगशाळेत उशिरा सुटले. ज्वारी-मक्याप्रमाणे ती सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते. १९८० साली कोख व केनेडी यांनी दाखवले की पाणी कमी पडले की ती निवडुंगाच्या वाटेनेही जाते : रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा वापरायचा. या दोन्ही क्रिया एकाच पेशीत चालतात, हे २०२२ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी सिद्ध केले. वर्गात हे पाहता येईल. ताण बसलेल्या घोळीची पाने पहाटे आणि पुन्हा सायंकाळी वाटून रसाला लिटमसपेक्षा पी-एच कागद लावावा. पहाटेचा रस अधिक आंबट असतो.

१९८६ साली सिमोपोलोस व सेलम यांनी घोळीतील ओमेगा-३ मेदाम्लांकडे लक्ष वेधले. १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. पालेभाजीच्या मानाने हे पुष्कळच.

पण हिच्यात ऑक्झॅलिक आम्लही भरपूर आहे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी आणि इतरांनीही रोज खाऊ नये. आपल्याकडे घोळ ताकात करतात, यामागे रसायनशास्त्र आहे. दह्या-ताकातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधून ठेवते व शरीरात विरघळून जाणारा भाग घटतो. न्यूझीलंडमध्ये दह्यासोबत केलेल्या मोजणीतून २००९ साली हेच दिसले.

खरा धोका ओळख चुकण्याचा. दुधी (भोपळा नव्हे, चीक असणारे तण) तशीच जमिनीसरशी पसरते. देठ मोडावा, पांढरा चीक आला तर टाकून द्यावी. घोळीचा रस पाण्यासारखा असतो. विषखापरा अधिक फसवा. त्याच्या समोरासमोरच्या पानांपैकी एक मोठे, एक लहान असते आणि फूल पांढरे-गुलाबी. घोळीचे फूल पिवळे, उन्हात उमलणारे. तिच्या फळाचे वरचे टोपण झाकणासारखे निघते. ही पारख खुरपणाऱ्या हातांत असते, मुलींना ती आईबरोबर पातीला बसून येते. आता मजुरीला पर्याय म्हणून तणनाशक फवारले जाते. तण जाते, आणि पात धरून बसणेही जाते. फवारलेल्या शेतातली किंवा सांडपाण्याकाठची घोळ तर खाऊच नये.

म्हणून ती परसात लावणे बरे. बियाण्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्यात घोळीचे बी विकत घ्यावे लागत नाही. एका झाडाला हजारो बिया येतात. बी बारीक, त्याला उजेड लागतो. मातीवर नुसते भुरभुरून हाताने दाबावे, पुरू नये. देठाचा तुकडाही मुळे धरतो. महिना-सव्वा महिन्याने, फूल येण्याआधी, शेंडे खुडावेत. उपटून बांधावर टाकलेले झाड पुन्हा रुजते, हे मात्र शेजारच्या शेतकऱ्याला विचारूनच करावे.