टीपीआर चार्टपासून प्रबंधापर्यंत

नाशिकहून दिंडोरी-वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. जून १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथीची महाविद्यालयं जोडलेली आहेत, तशीच नर्सिंगचीही. इथे एमएस्सी नर्सिंग करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. आधी विषय, मग सिनॉप्सिस, मग एथिक्स कमिटीची मंजुरी, मग वॉर्डात नाहीतर वस्तीत जाऊन आकडे गोळा करणं, आणि शेवटी व्हायवा. वॉर्डात जिचं अक्षर टीपीआर चार्टच्या चौकटीत ताप, नाडी, श्वास एवढंच लिहायचं, त्या नर्सने आपला प्रश्न आपल्या नावाने मांडावा आणि पुराव्यानिशी त्याचं उत्तर द्यावं, ही अपेक्षा महाराष्ट्रात रुजायला शंभराहून जास्त वर्षं लागली. ती गोष्ट नाशिकच्याच दुसऱ्या टोकाला, देवळालीच्या छावणीपासून सांगता येते.

देवळाली कॅम्प १८६१ मध्ये वसला. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी पुढच्या ठाण्यांवर जाण्याआधी इथे थांबायच्या, मायदेशी परतणारे बोटीची वाट पाहायचे. हवा थंड आणि कोरडी म्हणून ही जागा निवडली गेली. सैनिकांना हवा मानवते की नाही याची चिंता सरकारला होती, कारण १८५७ नंतर हिंदुस्थानात गोरी फौज वाढवायची होती आणि ती लढाईपेक्षा रोगानेच जास्त मरत होती.

ही गोष्ट आकड्यांनिशी मांडणारी बाई लंडनमध्ये होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याकडे दिवा घेऊन फिरणारी करुणामूर्ती म्हणूनच जास्त ओळखली जाते, आणि त्यामुळे तिचं खरं काम झाकलं जातं. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिने मृत्यूंची कारणं महिन्यामहिन्याने मांडली, रंगीत पाकळ्यांसारख्या आकृत्या काढल्या आणि जखमांपेक्षा हगवण, टायफॉईड, कॉलरा यांनी कितीतरी अधिक सैनिक गेले हे मंत्र्यांना एका दृष्टिक्षेपात दिसेल असं केलं. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. त्या संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य.

१८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेलने आयोगाच्या कामाची सूत्रं घरात बसून हलवली. एक प्रश्नावली तयार करून ती हिंदुस्थानभरच्या ठाण्यांना पाठवण्यात आली. पाणी कुठून येतं, मोऱ्या आहेत का, संडास किती अंतरावर आहेत, बराकीत माणशी जागा किती, आजारी किती, मेले किती. सगळ्यांना तेच प्रश्न, म्हणजे उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतील. १८६३ मध्ये दोन जाडजूड खंडांत अहवाल आला. वर्षाला दर हजारी ६९ गोरे सैनिक मरत होते, आणि त्यातले बरेच मृत्यू घाण पाणी, तुंबलेलं सांडपाणी आणि कोंदट बराकी यांच्यामुळे होते. पुढच्या दहाएक वर्षांत हा आकडा १८ पर्यंत खाली आल्याचं तिनेच पुढे लिहिलं. ती स्वतः हिंदुस्थानात कधीच आली नाही.

नर्सिंगमधल्या संशोधनाचा पाया शोधायचा तर तो इथे आहे. जे दिसतं ते सगळ्यांनी एकाच रीतीने लिहायचं, दोन ठिकाणांची तुलना करायची, एखादी गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. पण आधी मोजले गेले ते साहेबाचे शिपाई. छावणीच्या कुंपणाबाहेरच्या खेड्यातलं पाणीही तसंच घाण होतं. हे नाइटिंगेललाही उमगत गेलं. १८८० च्या दशकात तिचं लक्ष खेड्यांच्या स्वच्छतेकडे वळलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार झाला, आणि १८८९ मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा आला.

त्याच इलाख्यात नर्सिंग शिकणाऱ्या देशी बायका मात्र बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून घेतलं जातं. त्यांच्याबद्दल नावापलीकडे फारसं हाती लागत नाही, आणि हीच या इतिहासातली मोठी उणीव आहे. शुश्रूषा करणाऱ्यांची नोंद कुणी ठेवली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणले, त्यांची सेवा केली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. लसीचे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांवर वाद झाले. रोग्याला उचलून आणणाऱ्या, पाणी पाजणाऱ्या, गाठींवर शेक देणाऱ्या हातांना काय कळलं, हे कुणी विचारलंही नाही.

मराठी घरातल्या बाईने हे काम करावं याची वाट बांधली रमाबाई रानडे यांनी. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांची नाशिकला बदली झाली तेव्हा रमाबाई जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. सार्वजनिक जीवनाशी त्यांची ओळख नाशिकच्या त्या दिवसांत होऊ लागली. तीस वर्षांनी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात झाली. त्यांत विधवा बऱ्याच होत्या. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, रात्रपाळी करायची. त्या काळच्या पांढरपेशा घराला यातली एकेक गोष्ट असह्य होती. सेवासदनने त्यांच्या राहण्याची सोय केली, पाठीशी संस्थेचं नाव उभं केलं, आणि हळूहळू विरोध मावळला.

पहिल्या महायुद्धात देवळालीत चौतिसावं वेल्श जनरल हॉस्पिटल होतं. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे आजारी आणि जखमी मुंबईमार्गे हिंदुस्थानात आणले जात, आणि १९१६ पासून ऑस्ट्रेलियाच्या लष्करी नर्सेसही इथे कामाला होत्या. मलेरिया, हगवण, उष्माघात. त्यांचे चार्ट भरत गेले. पण तो चार्ट डॉक्टरसाठी होता. नर्सने लिहायचं, डॉक्टरने वाचायचं, निष्कर्ष त्याने काढायचा. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटतही नव्हतं.

१९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९५९ मध्ये दिल्लीत पदव्युत्तर शिक्षण. १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय. पदवी आली तसं संशोधन हा शब्द अभ्यासक्रमात आला. पण तो वॉर्डात कशासाठी हवा, हे समजायला एक उदाहरण पुरेसं आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर सतत दाब येतो. तिथली कातडी आधी लाल होते. अंगठ्याने दाबलं तरी लाली जात नसेल, तर आतल्या मांसाचा रक्तपुरवठा बिघडू लागलेला असतो. दोन दिवस दुर्लक्ष झालं की तिथे बेडसोर होतो, आणि मग हाडापर्यंत खड्डा पडायला वेळ लागत नाही. पिढ्यान् पिढ्या नर्सेस शिकत आल्या की पाठ साबणाने धुवायची, स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची. इंग्लंडमधल्या डोरीन नॉर्टन या नर्सने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णाची शारीरिक स्थिती, शुद्ध, चालणं-फिरणं, हालचाल आणि मल-मूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज वीसपैकी चौदा किंवा कमी आली तर धोका. चोळण्या-लावण्यापेक्षा ठरलेल्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवणं महत्त्वाचं, हे या अभ्यासातून पुढे आलं. औषध नवं नव्हतं, यंत्र नव्हतं. एका नर्सने आपल्याच रोजच्या कामाबद्दल, हे उपयोगी पडतं का, असं विचारलं होतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसनी हेच काम ४२ वर्षं करून दाखवलं. १९७३ मध्ये झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्यांची सहकारी अरुणा शानबाग २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणाचा निकाल दिला तेव्हा इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर झाला नाही, हे साऱ्या देशाला कळलं, आणि न्यायालयाने त्या नर्सेसचं मनापासून कौतुक केलं. ते रास्तच होतं. पण एवढ्यावर थांबू नये असं वाटतं. बदलत्या पाळ्यांमधून, सिस्टरांच्या दोन-तीन पिढ्यांमधून, हे कसं साधलं? वळवण्याच्या वेळा, भरवण्याची रीत, एकीने दुसरीला ओव्हर देताना सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी. असलं ज्ञान लिहिलं गेलं तरच ते दुसऱ्या वॉर्डात पोचतं, नाहीतर निवृत्त होणाऱ्या सिस्टरबरोबर घरी जातं.

महाराष्ट्रात शुश्रूषेतून उभं राहिलेलं सगळ्यात भक्कम संशोधन नर्सिंगची पदवी नसलेल्या बायकांच्या हातून झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या ‘सर्च’ या संस्थेत खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे त्याच्या श्वासांवरून कळतं, पण मिनिटाला साठच्या पुढे धावणारे श्वास मोजायचे कसे, जर मोजणारीला शंभरापर्यंत आकडे नीट येत नसतील? त्यासाठी एक साधं उपकरण बनलं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. श्वास मोजत मणी सरकवायचे. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर उपचार सुरू. पुढे याच आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचं वजन केलं, ताप पाहिला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनं दिली, आणि हे सगळं लिहून ठेवलं. ३९ गावांत ही सेवा होती, ४७ गावं तुलनेसाठी. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. लिहिणाऱ्या बाईच्या हातात उपचाराचाही अधिकार होता, म्हणून हे घडलं.

याच्या शेजारी नर्सिंग महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतले प्रबंध ठेवले की चिंता वाटते. अमुक विषयावरच्या संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता, अमुक शहरातल्या निवडक रुग्णालयांत. साच्यातून काढल्यासारखी शीर्षकं. आधी प्रश्नपत्रिका द्यायची, मग शिकवायचं, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. शिकवल्यावर गुण वाढणारच. त्या मातेने नंतर बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजलं का, त्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम वाचली का, हे शोधायला सहा महिने लागतात आणि विद्यार्थ्याजवळ तेवढा वेळ नसतो. दोष विद्यार्थ्यांना देऊन भागणार नाही. दिवसभर ड्यूटी करून त्या रात्री आकडे भरतात, आणि प्रबंध मंजूर झाला की पुढे तो वाचायला कुणी मागत नाही.

प्रश्न मात्र नाशिकच्या वॉर्डांत जागोजागी आहेत. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आदिवासी रुग्णाच्या पुढे शुद्ध मराठीतलं संमतिपत्र ठेवून अंगठा घेतला, तर त्याला नेमकं काय कळलं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरने काय होणार ते समजावून सांगितलं तर नंतरचं दुखणं कमी होतं, असं जॅक हेवर्ड यांनी इंग्लंडमध्ये १९७५ साली दाखवलं. इथे कुणाला त्यासाठी किती मिनिटं मिळतात? आणि सगळ्यात कळीचा प्रश्न माणसांच्या संख्येचा. लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून मांडलं की एका नर्सवरचा रुग्णांचा भार एकाने वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरची तक्रार आपल्याकडे तक्रारच राहते. तिच्याजवळ स्वतःच्या जिल्ह्याचा असा आकडा असेल तर तो आरोग्य खात्याच्या टेबलावर ठेवता येईल.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या दवाखान्यांमध्ये येणाऱ्यांच्या तक्रारी टॅबलेटवर रोजच्या रोज नोंदवण्याचा प्रयोग झाला होता, कुठे काय वाढतंय ते साथ पसरण्याआधी दिसावं म्हणून. पुढचं सिंहस्थ २०२७ चं. रामकुंडावर, कुशावर्तावर, साधुग्रामात लाखो माणसं येणार, त्यांत मैलोन् मैल अनवाणी चाललेले म्हातारे असणार, आणि त्यांच्या पायांवर पट्ट्या बांधायला, सलाईन लावायला नर्सेसच असणार. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळायला काही महिने जातात. त्या तंबूत उभं राहून काय मोजायचं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, याचा सिनॉप्सिस म्हसरूळला पर्वणीच्या बराच आधी पोचायला हवा.