प्रौढशिक्षणातील वयोमर्यादा आणि ज्येष्ठांचे आरोग्यविषयक डिजिटल शिक्षण : तलवाडा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या मंदिरामुळे मराठवाड्यात परिचित आहे. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गावोगावी वृद्ध माणसे व लहान मुले मागे राहतात. याच वृद्धांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न लावता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी देणारी ही योजना निःसंशय महत्त्वाची आहे. मात्र तिची नोंदणी आधार पडताळणीने, ॲपद्वारे किंवा संकेतस्थळावरून होते. ज्यांच्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली, त्यांना ती हाताळण्याचे शिक्षण कधी मिळाले होते काय, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वयाची रेषा : १९४२ साली या परिसरात जन्मलेल्या स्त्रीचे उदाहरण घेता येईल. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, तेव्हा ती सहा वर्षांची, म्हणजे शाळेत जाण्याच्या वयाची होती; परंतु निजामी राजवटीत खेड्यातील मुलीसाठी शाळा ही दुर्मीळच गोष्ट होती. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा भर १५ ते ३५ या वयोगटावर होता. ती तेव्हा ३६ वर्षांची होती. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. त्यानेही हाच वयोगट कायम ठेवला. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रामीण भागातील ६ कोटी कुटुंबांसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झाले. प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीस २० तासांचे प्रशिक्षण देणाऱ्या या अभियानाची वयोमर्यादा १४ ते ६० अशी होती व ते मार्च २०२४ मध्ये संपले. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी ७० वर्षांवरील व्यक्तींची योजना ॲपवर आली.

उत्पादक वयातील मनुष्यबळावर आधी खर्च करावा, हा नियोजनकारांचा हिशेब त्या काळाच्या साधनसामग्रीकडे पाहता अगदीच अनाकलनीय नव्हता. परंतु त्याची किंमत एकाच पिढीने पुन्हा पुन्हा मोजली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये साक्षरतेचे प्रमाण ४४ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये ते केवळ २८ टक्के होते. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्वांना प्रवेश आहे व त्यात डिजिटल आणि आरोग्यविषयक कौशल्यांचाही समावेश आहे. वयाची वरची रेषा येथे पुसली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण तोवर आपल्या उदाहरणातील स्त्री ऐंशी वर्षांची झाली होती.

महासाथीचा अनुभव : १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे कोविड लसीकरण सुरू झाले. त्यासाठीचे कोविन पोर्टल मराठीत आले ते जून २०२१ मध्ये. प्रथम ज्यांची पाळी लावली, त्यांची भाषा शेवटी आली. या पोर्टलवर एका मोबाईल क्रमांकावरून चार जणांची नोंदणी करता येत असे. घरात फोन एकच असतो आणि तो वृद्धाच्या हाती नसतो, याची ही जणू शासकीय कबुलीच होती. केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदविण्याची सोयही होती. त्यामुळे अनेकांची गरज भागली, शिकणे मात्र राहून गेले.

जामखेडचा दाखला : उतारवयात नवे शिकता येत नाही, हा समज खोडून काढणारा पुरावा बीडच्या सीमेलगतच आहे. तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडलेल्या आरोग्यसेविकांपैकी अनेकजणी निरक्षर, दलित व प्रौढ वयाच्या होत्या. त्यांनी बाळाचे वजन करणे, गर्भवतीची तपासणी करणे, रक्तदाब मोजणे ही कामे आत्मसात केली. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे महत्त्वाची आहे ती शिकविण्याची रीत. या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, आठवडाभरातील अनुभव एकमेकींना सांगत, तोच पाठ पुन्हा गिरवत. प्रशिक्षण वर्षानुवर्षे चाले, कारण विसरणे हा तेथे दोष मानला जात नव्हता. वीस तासांत प्रमाणपत्र देणाऱ्या अभियानापेक्षा ही कल्पना मुळातच वेगळी आहे.

आजच्या अडचणी : आरोग्य ॲप शिकविताना अडचण केवळ अक्षरांची नसते. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँका वर्षानुवर्षे बजावत आहेत आणि कार्ड नोंदविणारा कर्मचारी प्रथम ओटीपीच विचारतो. अशा वेळी वृद्धाने दाखविलेला संशय हे अडाणीपण नसून शहाणपण आहे. कोणता ओटीपी कोणास व का द्यावा, हा फरक समजावून सांगणे हाच पहिला पाठ ठरतो. शेतमजुरीत बोटांच्या रेषा झिजल्यामुळे ठसा जुळेलच असेही नाही. तेव्हा चेहऱ्यावरून पडताळणीचा पर्याय दाखवावा लागतो. अशा शिकवणीसाठी हंगामाचाही विचार आवश्यक आहे. कार्तिकापासून चैत्रापर्यंत मुलगा आणि सून उसाच्या फडात असतात. आधारला जोडलेला क्रमांक बहुधा त्यांच्यापैकीच कोणाचा तरी असतो. तलवाड्यात मागितलेला ओटीपी अशा वेळी शेकडो किलोमीटरवरील कोपीत वाजतो आणि फडावरून कोणी परत फोन करेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.