दुष्काळाचा माग



मृग कोरडा गेला की आपली नजर आभाळाला लागते. आर्द्राही तशीच गेली, तर पेरलेलं बी वाया जातं आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं कुठून आणायचं ही चिंता लागते. अशा वेळी माणूस म्हणतो, "आमच्याच वाट्याला हे का?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला शंभर वर्षांच्या आसपास काळ लागला. ते उत्तर सापडलं ते हजारो मैल दूर, प्रशांत महासागरात. ही हकिगत आज आपल्याला पाहायची आहे.

सुरुवात १८७६ सालापासून करू. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसानं दगा दिला. सोलापूर, सातारा, पुणे, त्या वेळचा कलादगी जिल्हा, तिकडे हैदराबाद, म्हैसूर, मद्रास असा सगळा टापू होरपळला. पुढच्या वर्षी, १८७७ साली, उत्तर हिंदुस्थानातही पाऊस रुसला. याच सुमारास उत्तर चीनमध्ये शान्सी, होनान या प्रांतांत पिकं करपून गेली. ब्राझीलच्या ईशान्य भागात सेआरा प्रांतात माणसं गावं सोडून समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. आपल्या देशात पन्नास लाखांहून अधिक माणसं दगावली असा अंदाज आहे. चीनमधला आकडा नव्वद लाखांच्या पुढे जातो. आता लक्षात घ्या, सोलापूरच्या कुणब्याला शान्सीचा शेतकरी ठाऊक नव्हता आणि शान्सीच्या शेतकऱ्याला सेआराचा गुराखी ठाऊक नव्हता. संकट मात्र तिघांवर एकाच वेळी आलं होतं.

हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, झाली होती. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. या अवर्षणाच्या काळात हवेचा दाब नेहमीपेक्षा चढा राहिला, आणि तोही फार मोठ्या प्रदेशावर, हे त्यांनी हेरलं. पुढे १८८८ साली ऑस्ट्रेलियातले चार्ल्स टॉड यांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया यांची कोरडी वर्षं बहुधा बरोबरच येतात, असं त्यांना दिसलं. काहीतरी दुवा आहे खास, पण तो हाती लागत नव्हता.

१८९९ साली पाऊस पुन्हा फसला. तोच तो मोठा छपन्नचा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ मधला. त्यानंतर १९०४ साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर आपल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी शिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकुनांना कामाला लावलं आणि जगभरच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. ना गणकयंत्र, ना उपग्रह. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर हे काम चाललं. त्यातून एक गोष्ट उघड झाली. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर ही जणू तराजूची दोन पारडी आहेत. एकीकडे हवेचा दाब वाढला की दुसरीकडे उतरतो. वॉकरांनी याला 'दक्षिणी आंदोलन' असं नाव दिलं. या खात्याचं मुख्य कार्यालय पुढे १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्याची जुनी माणसं त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, ते यामुळेच.

तराजू दिसला, पण तो हलवतो कोण? याचा उलगडा १९६० नंतरच्या दशकात जेकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानं केला. पेरूचे कोळी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. नाताळच्या सुमारास कधी कधी त्यांच्या किनाऱ्याला कोमट पाणी येतं आणि मासळी नाहीशी होते. त्या प्रवाहाला ते 'एल निनो' म्हणत, म्हणजे बाळ येशू. हा कोमट प्रवाह आणि वॉकरांचा तराजू या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं ब्यर्कनेसनं १९६९ साली मांडलं.

हे वर्गात समजावून सांगायचं असेल, तर गुरुजी, एक परात घ्या. तिच्यात पाणी भरा आणि एका बाजूनं जोरानं फुंकर घाला. पाणी पलीकडच्या काठाला चढतं. प्रशांत महासागरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे हेच करतात. तापलेलं पाणी ते इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिथं वाफ उठते, ढग जमतात, पाऊस पडतो. पेरूकडे मात्र खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याबरोबर माशांचं खाद्यही. आता फुंकर थांबवा. पाणी मागं सरकतं. वारे मंदावले की तसंच ऊन पाणी पूर्वेकडे परततं, ढगांचा बाजार तिकडे उठून जातो आणि इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया व आपल्या देशावर हवा खाली दबते. दबलेल्या हवेत ढग धरत नाहीत. साधारण दोन ते सात वर्षांत ही पाळी येते. वारे नेहमीपेक्षा जोरकस झाले, तर उलट स्थिती होते. तिला 'ला निना' म्हणतात, आणि ती बहुधा आपल्याला चांगला पाऊस देते.

म्हणून एकाच वर्षी जगात कुठं सुगी असते, तर कुठं सुतक. एल निनोच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा गहू मार खातो. १९८२ साली तिथलं उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आलं. त्याच वेळी अर्जेंटिनाला बरेचदा भरपूर पाऊस मिळतो. १९७२ साली तर पेरूची मासळीच बुडाली. त्या मासळीची भुकटी कोंबड्यांचं खाद्य म्हणून जगभर जाई. ती आटली तेव्हा सोयाबीनचे भाव भडकले.

पण एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असं मात्र धरू नका. १९९७ सालचा एल निनो फार बलाढ्य होता, तरी आपला पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचं आपलं स्वतःचं तापमानही यात हात घालतं. उलट २००२ साली एल निनो मध्यम होता, आणि जुलै महिना निम्मा कोरडा गेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्रानं पाऊस अडवला, हे खरं. पण माणसं मेली ती तेवढ्यानंच का? १८७७ साली रेल्वे होती आणि देशात धान्यही होतं. ते महाग होऊन बंदरांकडे चाललं होतं, बोटींतून विलायतेला जात होतं. दुष्काळी कामावरच्या गड्याला सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली मजुरी होती दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्याला! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हलाखी लिहून सरकारपुढे मांडली. जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र उघडलं. पण लाखोंच्या भुकेपुढे ते पुरं पडणार कसं?

आता १९७२ सालाकडे पाहा. तेव्हाही एल निनो होता आणि महाराष्ट्र सलग काही वर्षांच्या अवर्षणानं पिचला होता. विहिरी आटल्या, गुरं विकावी लागली, परदेशातून आलेली तांबडी मिलो लोकांनी खाल्ली, सुकडीवर पोरं जगली. हाल कमी झाले असं कोण म्हणेल? तरी मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या जवळपास माणसं सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते झाले. पिकं गेली, पण १८७७ सारखी प्रेतांची रास लागली नाही. या कामांतून रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. दोन्ही वेळा आभाळ कोरडंच होतं. फरक पडला तो हाताला मिळालेल्या कामामुळे आणि घरात आलेल्या दाण्यामुळे.

आज प्रशांत महासागरात तरंगती यंत्रं पाण्याचं तापमान सतत मोजत असतात. एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते. हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलात येतो. तो देशाचा असतो, आपल्या गावाचा नव्हे, हे ध्यानात ठेवून वाचावा. अंदाज कमी पावसाचा असेल, तर सगळं रान एकाच पिकाखाली घालू नये, तुरीसारखं आंतरपीक धरावं, वैरण विकण्याची घाई करू नये. शिक्षकांनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवून घ्यावी. वॉकरांनी तराजू शोधला तो गावोगावच्या अशाच नोंदवह्यांतून.