लक्ष्यफलकाचे वाचन : रायफलीच्या अचूकतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना
शस्त्रांच्या इतिहासात रायफलीचे वजन, पल्ला व बनावट यांची नोंद विपुल आढळते. तिची अचूकता कशी ठरविली गेली, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः लक्ष्यफलकावरील छिद्रे हाही एक दस्तऐवजच होय आणि त्याचा अन्वयार्थ तितक्याच काळजीने लावावा लागतो.

मापनपद्धती
1853 ची एन्फिल्ड रायफल 1857 च्या काडतूस प्रकरणामुळे परिचित आहे. त्याच 1857 साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षट्कोनी नळीच्या रायफलीशी तिची तुलना झाली. छिद्रांचा सरासरी मध्यबिंदू काढून त्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजावयाचे व त्यांची सरासरी घ्यावयाची, अशी ही पद्धत होती. 500 यार्डांवर एन्फिल्डची सरासरी 2.24 फूट, तर व्हिटवर्थची अवघी 0.37 फूट आली. तरीही सैन्याने व्हिटवर्थचा सर्वत्र स्वीकार केला नाही; तिच्या नळीत काजळी लवकर साचे व किंमतही अधिक होती. फलकाने एकाच प्रश्नाचे उत्तर दिले होते.

विखुरण व विचलन
छिद्रे एकवटलेली, परंतु केंद्रापासून दूर असतील, तर दोष बहुधा साइटच्या मांडणीत असतो व तो सहज दुरुस्त होतो. छिद्रे चहूकडे विखुरलेली असतील, तर कारण नळीत, काडतुसात की नेमबाजात, हे शोधावे लागते. त्यासाठी रायफल स्थिर टेकूवर ठेवून झाडली जाते. दोन-तीन गोळ्यांचा लहान गट योगायोगानेही पडतो. म्हणून अनेक गटांची तुलना आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील उदाहरणे
कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्यूनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकाविले. गेलेले तीन गुण कोणत्या दिशेला गेले, हे ती संख्या सांगत नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांना 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून देणारे 451.4 गुण दशांश पद्धतीचे आहेत. त्यांत केंद्रापासूनचे अंतर अधिक सूक्ष्मतेने उमटते. दिशा तेथेही दिसत नाही. ती केवळ फलकावरच वाचता येते.

निष्कर्ष
शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागातील छात्रसैनिकाच्या फलकालाही हाच निकष लागू पडतो. पाचही गोळ्या डावीकडे खाली, परंतु एकाच जागी लागल्या, तर केवळ गुण मोजणारा त्यास अपात्र ठरवील. फलक वाचणारा त्याचा हात स्थिर असल्याचे ओळखील. गुणांकन आणि मूल्यमापन यांतील हा भेद शिक्षणक्षेत्रासही उपेक्षिता येणार नाही.