खाँसाहेब एक, गायक अनेक

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की 'कट्यार काळजात घुसली'मधले खरे खाँसाहेब कोणते? वसंतरावांचे की राहुलचे? उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते देऊन मोकळं होण्यात मजा नाही. प्रश्नातला 'खरे' हा शब्द जरा तपासून बघू या.

आधी थोडा इतिहास. भूमिकांची तुलना करणं हे आपल्या संगीत नाटकाइतकंच जुनं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२चं. त्यातली भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोकांच्या कानात बसली होती. उंच, पल्लेदार, मोकळा आवाज. भाऊराव १९०१ साली गेले. १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि त्याच भूमिका त्यांच्याकडे आल्या. आता सुभद्रा तीच, पदं तीच. पण बालगंधर्वांचा गळा गोड, गोलाईचा, आणि स्त्रीचं वागणंबोलणं त्यांनी अंगात मुरवलेलं. जुने रसिक म्हणणार, 'भाऊरावांचा तो आवाज नाही'. नवे म्हणणार, 'पण ही बाई खरी वाटते!' दोघांचंही बरोबर, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी पहिलं ध्वनिमुद्रण झालं १९०२ साली. भाऊराव त्याच्या आदल्या वर्षीच गेले. म्हणजे त्यांचा आवाज आज कुणीही ऐकू शकत नाही. त्या तुलनेत एक बाजू निव्वळ आठवणीची होती. आणि आठवणीचा स्वभाव असा, की ती मूळ गोष्ट थोडी मोठी करते, पण नव्या माणसाला जागाही देते. प्रत्येक तान पडताळून बघायला पुरावाच नसतो ना!

'कट्यार'ची गोष्ट याच्या उलट आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक डिसेंबर १९६७मध्ये 'नाट्यसंपदा'नं रंगभूमीवर आणलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले वसंतराव देशपांडे. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी अनेक वर्षं नोकरी केलेली. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने असं अनेकांकडून घेतलेलं गाणं, आणि मनावर मास्टर दीनानाथांची छाप. यांचं घराणं कोणतं, असा प्रश्न काही जाणकार नाक मुरडून विचारत. आणि गंमत बघा, याच माणसाच्या वाट्याला भूमिका आली ती घराण्याच्या अभिमानानं पेटलेल्या उस्तादाची! जो आपली गायकी दुसऱ्या घराण्याच्या शागिर्दाला शिकवायला तयार नाही.

मला वाटतं, वसंतरावांच्या खाँसाहेबाचं बळ इथंच आहे. उर्दूमिश्रित बोलणं, ताठा, एकदम येणारा संताप हे सगळं होतंच. पण त्याखाली मान न मिळालेल्या माणसाची दुखावलेली नस होती. लय कुठून पकडतील आणि समेवर कसे येतील याचा नेम नाही, असं त्यांचं गाणं. ते गाणं म्हणजेच त्या पात्राचा स्वभाव झाला. संवाद संपून पद सुरू झालं तरी माणूस बदलत नसे.

वसंतराव १९८३ साली गेले तेव्हा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. आजोबांची प्रत्यक्ष तालीम मिळणं शक्यच नव्हतं. जे पोचलं ते ध्वनिमुद्रणांतून आणि इतर गुरूंकडून. २०१०च्या सुमारास सुबोध भावे आणि मंडळींनी नाटक पुन्हा उभं केलं, त्यात राहुल खाँसाहेब झाले, सदाशिव झाले महेश काळे. आता इथे प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाच्या घरी वसंतरावांची ध्वनिमुद्रिका आहे. ती जागा, ती तान, तो श्वास त्याला पाठ. जसंच्या तसं गायलं तर म्हणणार नक्कल, वेगळं गायलं तर म्हणणार बिघडवलं. राहुल यांचा गळा जास्त भरीव, मांडणी जास्त आखीव. तिशीतल्या माणसाला वर्षानुवर्षं हरलेला उस्ताद दाखवायचा, तर ती हार अभिनयानं आणावी लागते. वसंतरावांना ती उसनी आणावी लागली नव्हती.

मग २०१५ साली चित्रपट आला. तिथे खाँसाहेबांची फाळणीच झाली म्हणा ना! देह सचिन पिळगावकरांचा, गाणारा गळा राहुल यांचा. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते आवाजानं. पडद्यावर कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, त्यामुळे मत्सर डोळ्यांत दिसतो, जबड्यात दिसतो. सचिन यांनी तो तिथे दाखवला. स्वतः न गाणारा खाँसाहेब नाटकात चाललाच नसता, चित्रपटात चालला. म्हणजे माध्यम बदललं की भूमिकेत आवश्यक काय आणि आनुषंगिक काय, याचा हिशेबही बदलतो.

आपल्या न्यायशास्त्रात जाती आणि व्यक्ती असा भेद करतात. गोत्व एक, गाई अनेक. पण कुठलीही एक गाय म्हणजे गोत्व नव्हे. तसंच खाँसाहेब ही नाटककारानं लिहिलेली शक्यता आहे, आणि वसंतराव हा तिचा एक थोर आविष्कार. पहिला, कदाचित सर्वांत उंचही. पण पहिला आविष्कार म्हणजेच भूमिका असं मानलं, की नाटक त्या नटाबरोबर संपतं. मग ते संहितेत उरतं, संग्रहालयात उरतं, रंगभूमीवर नाही.

आणि दारव्हेकर-अभिषेकींनी हे नाटकातच सांगून ठेवलं आहे, बघा. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद त्यांनी दोन चालींत बांधलं. शब्द तेच. एक चाल शांत, पंडितजींच्या वळणाची. दुसरी खाँसाहेबांची, चढाईची. यातली खरी कोणती, असं आपण विचारतो का? दोन्ही ऐकतो आणि त्या फरकातूनच आपल्याला दोन माणसं कळतात.

तुलना करूच नये असं माझं म्हणणं नाही. ती जरूर करावी, नाहीतर कान तयार होत नाहीत. फक्त प्रश्न बदलावा. 'वसंतरावांसारखं झालं का?' याऐवजी 'या नटानं खाँसाहेबाचं काय नव्यानं दाखवलं?' असं विचारावं. या कसोटीवर कुणी नापासही होईल, पण तो स्वतःच्या परीक्षेत नापास होईल.

शेवटी नाटकाचा विषय काय आहे ते आठवा. 'ही गायकी आमची, दुसऱ्यानं गायची नाही' असं म्हणणारा एक थोर गवई, आणि चोरून ऐकून, नोकर म्हणून राबून ती गळ्यात उतरवणारा एक पोरगा. उगारलेली कट्यार थांबते, कारण त्या पोराचं गाणं खाँसाहेबांनाही नाकारता येत नाही. 'वसंतरावांनंतर कुणी गाऊच नये' असं आपण म्हणतो, तेव्हा प्रेक्षागृहात बसून आपणच खाँसाहेब झालेले असतो, तेही पहिल्या अंकातले. शेवटच्या अंकापर्यंत पोचायचं की नाही, ते आपल्या हातात आहे.

आज इथे थांबतो.