बंद दरवाजा
तुलसी व श्याम रामसे यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी भयपट (१९९०). मुंबईच्या रामसे बंधूंनी भुतेखेते, शापित हवेल्या आणि तांत्रिक पुष्कळ दाखवले होते. या चित्रपटात मात्र त्यांनी थेट ड्रॅक्युलालाच हात घातला. रक्तपिपासू ‘नेवला’ची भूमिका अजय (अनिरुद्ध) अगरवाल यांनी केली. हे रुरकीचे अभियंता. ‘पुराना मंदिर’मधील (१९८४) सामरी या राक्षसाच्या भूमिकेमुळे त्यांचा चेहरा आधीच घराघरांत धाक बसवून होता.

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ची. मुर्नाउ यांचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) हा तिचा परवानगीविना केलेला जर्मन मूकपट. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरी काही प्रती वाचल्या. सूर्यप्रकाशाने पिशाच्च मरते ही आता पुरातन वाटणारी समजूत मूळ कादंबरीतली नाही, ती या मूकपटाची देणगी आहे. पुढे वेर्नर हेर्त्सोग (१९७९) व रॉबर्ट एगर्स (२०२४) यांनी त्याची पुनर्निर्मिती केली. रामसेंचा नेवला मात्र ‘नोस्फेराटू’तल्या टकल्या, उंदीरतोंड्या पिशाच्चाचा, काउंट ओरलॉकचा, वंशज नव्हे. काळा झगा, शवपेटी, वटवाघूळ हे सगळे ख्रिस्तोफर ली यांच्या ‘ड्रॅक्युला’कडून (१९५८) आलेले.

हा ड्रॅक्युला इथे रुजवण्यात अडचण वेगळीच होती. कोकणापासून झाडीपट्टीपर्यंत वेताळ, खवीस, मुंजा, हडळ अशी मंडळी हवी तेवढी आहेत, पण शवपेटीत झोपणारे त्यांत कोणी नाही. जिथे मढे जाळतात तिथे शवपेटी आणायची कुठून? रामसेंनी काळ्या पहाडीवर नेवल्याचा अड्डा आणि भक्तांचा पंथ उभा केला, आणि कथेला नवसाची कळ लावली. मूल होत नसलेल्या ठाकुराच्या पत्नीला तिची दासी (अरुणा इराणी) नेवल्याकडे नेते. मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी, हा करार. मुलगीच होते. काम्या (कुनिका) मोठी झाल्यावर हे देणे वसुलीला येते. स्टोकरच्या काउंटला रक्त हवे होते. नेवला फेडायचा राहिलेला नवस मागायला येतो. चित्रपटातला अस्सल देशी भाग हाच, आणि माझ्या मते सगळ्यांत भीतिदायकही. उरलेली विनोदी पात्रे व गाणी त्या काळच्या रिवाजाची.

रामसे हे मूळचे रामसिंघानी. कराचीत रेडिओचे दुकान असलेले हे कुटुंब फाळणीनंतर मुंबईला आले. लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे सात भावांनी वाटून घेतली होती. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला सगळा लवाजमा नेऊन थोडक्या पैशांत उरकला. ‘बंद दरवाजा’ आला तोवर या घराण्याचा मोठा काळ सरत आला होता. १९९३पासून ‘झी हॉरर शो’द्वारे ते दूरचित्रवाणीवर गेले.

मराठीत रक्तपिपासू पडद्यापेक्षा पुस्तकातच अधिक वावरला. नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली आहे. किंग यांच्या त्या कादंबरीवरच्या १९७९च्या दूरचित्रवाणी मालिकेत पिशाच्चाला ओरलॉकचाच टकला चेहरा दिला होता.